शेवटचे कोरे गोल

सुजाता मॅडम,

माझं अक्षर वाईट आहे आणि र्‍हस्व-दीर्घ मला शाळेत असतानाही कधी जमलं नाही, त्याची माफी आधीच मागून ठेवते. शाळा चौथीत सुटली, त्यानंतर पेन हातात घेतलं ते सहीपुरतं. माझ्या पोरीला, प्राजूला सांगितलं असतं तर तिनं स्वच्छ लिहून दिलं असतं, पण हे मला कोणाला दाखवायचं नाही. तुम्ही पोरांच्या चुकांवर हिरव्या पेनानं खूण करायच्या, तशी इथंही करा. मी वाईट मानणार नाही. समोर असत्या तर मानलं असतं.

तुम्ही गेल्या ते मला हेडसरांनी सांगितलं. मी शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या दारात बसून तांदूळ निवडत होते. ते फोन हातात घेऊन आले आणि तुमचा फोटो दाखवला. फोटोभोवती फुलं होती, म्हणून मला वाटलं तुम्हाला काही बक्षीस मिळालं.

“सुजाता मॅडम गेल्या, इंदूबाई. अमरावतीच्या दवाखान्यात. पोटाचं काही तरी निघालं. लय हुशार बाई होती.”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं होतं, ते खोटं नाही. तरी वाईट वाटण्याच्या आड आणखी काही होतं. अंगावरचं ओझं कोणी उतरवून घेतल्यावर माणूस खांदा हलवतो, तसा त्यांनी खांदा हलवला. आठवीच्या स्कॉलरशिपच्या सकाळच्या जादा वर्गाची यादी त्याच आठवड्यात करायची होती आणि तुम्ही म्हटलं होतं, यादी करताना मी येऊन बसेन. आता कोणी येऊन बसणार नव्हतं. मॅडम, मला पहिला विचार तोच आला, की आता माझ्या प्राजूला वर्गात कोण घेईल. तुमच्याबद्दल वाईट वाटलं ते तांदूळ धुताना.

तुमच्यावर माझा विश्वास पहिल्या दिवसापासून नव्हता. पातूरकडच्या आमच्या गावात अमरावतीचं कोणी आलं तर जीपनं येतं, चहा घेतं, सह्या करतं आणि जातं. तुम्ही एसटीनं आल्या, फाट्यावर उतरल्या आणि उन्हात चालत आल्या. अशी बाई कशाला आली असेल, ते मला कळेना. ज्याला घाई नसते त्याची भीती जास्त वाटते.

त्यात पेपरात ते छापून आलं होतं. आदल्या हिवाळ्यात, देशभर एकाच दिवशी होते ती परीक्षा आमच्याही शाळेत झाली होती. प्राजू सहावीत होती, तिनंही दिली. उत्तराचा गोल काळा करायचा असतो, म्हणून बोटं काळी करून घरी आली होती. पुढं बऱ्याच महिन्यांनी निकाल आला. हेडसरांनी तो पेपर ऑफिसात मोठ्यानं वाचला आणि मी नेमकी चहा घेऊन गेले. खेड्यातल्या मुली गणितात मागे. अमक्या समाजाच्या मुली जास्त मागे. ज्यांच्या आया कमी शिकलेल्या, त्यांची लेकरं त्याहून मागे.

“म्हणजे आपल्या इंदूबाई चौथी पास,” दुसरे एक सर हसत म्हणाले, “तं प्राजक्ता कितवी पास मनाची?”

सगळे हसले. वाईट मनानं नाही, चहा आला की माणसं हसतात तसं. मग हेडसर म्हणाले, “आता रिपोर्टच सांगून राहिला तं आपण काय करता? जादा वर्गात पोट्टे घेऊ. पोरींमधून एखादी-दुसरी घेऊ, नावाले.”

मी कप ठेवून बाहेर आले. स्कॉलरशिपचा वर्ग म्हणजे काय, ते मला माहीत होतं. गावातला एक मुलगा त्या वर्गातून पुढं अकोल्याला शिकायला गेला आणि आता नोकरीला आहे. प्राजूच्या तोंडी त्या वर्गाशिवाय दुसरं काही नव्हतं. आणि माझ्या चार यत्ता तिच्या आड येत होत्या.

म्हणून तुम्ही आल्या आणि हेडसरांनी ओळख करून दिली, की मॅडम पोरा-पोरींच्या गणितातला फरक पाहायला आल्यात, तेव्हा मी समजले की हीच ती पेपरात लिहिणारी. मी सहसा पाहुण्यांशी बोलत नाही. तुम्ही स्वयंपाकखोलीत पाणी प्यायला आल्या म्हणून विचारलं.

“पेपरात ते तुमी लिहिलं काय जी?”

“नाही. मी फक्त ते आकडे वाचते. त्यांचा अर्थ काय होते ते पाहते.”

“वाचाचा पगार भेटते?”

“भेटते,” तुम्ही म्हणाल्या. हसल्याही नाहीत.

“त्याच्यात माह्या पोरीचं नाव हाये काय?”

“कोणाच्याच पोरीचं नाही. सगळ्या लेकरांची सरासरी असते ती. नाव नाही, गाव नाही.”

“नाव नाही, तं मंग तिले वर्गातून काहून काढून राहिले?”

  तुम्ही उलट मलाच विचारलं, उंच बायका कुठल्या, तुमच्या गावच्या की अमरावतीच्या. मी म्हटलं, अमरावतीच्या असतील, खाऊन-पिऊन असतात. “बरं, धरून चालू,” म्हणाल्या आणि माझ्या पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. ओसरी झाडत असलेल्या मयुरीला हाक मारली, कोण उंच ते सांग म्हणून. मयुरी म्हणजे प्राजूच्या वर्गातली, बौद्धपुऱ्यातली. तिची आई दुसऱ्यांच्या शेतात रोजानं निंदायला जाते.

“इंदूमावशी उंच हायेत. तुमी तं त्यायच्या कानापर्यंत येता, मॅडम.”

तुम्ही इतक्या मोठ्यानं हसल्या की वर्गातली पोरं खिडकीला आली. “पाहा. सरासरी आमची मोठी, अन् उंच तुमी.”

कळलं मला. पण घरी जाताना वाटलं, उंची देवानं दिलेली, ती कोणी खोडत नाही. मार्क सर देतात आणि वर्गाची यादीही सरच करतात. पाठीला पाठ लावून ते कसं मोजायचं?

मग तुम्ही तुमचा स्वतःचा पेपर आणला, त्या परीक्षेसारखाच, गोलांचा. पोरांना दिला आणि मागं जमिनीवर बसून राहिल्या. मी नेहमीप्रमाणे खिचडी उतरवली आणि झाकणावर पळी वाजवली. आमच्याकडे घंटीच्या आधी झाकण वाजतं. झाकण वाजायच्याही आधी मयुरी आणि तिच्याकडच्या पोरी उठून ओसरी झाडतात, बसायच्या पट्ट्या टाकतात. झाकण वाजलं की प्राजू आणि शेतकऱ्यांच्या पोरी उठतात, ताटं मांडतात, वाढतात. घंटी झाली की मग पोरं येतात, जेवायला. त्या दिवशीही तसंच झालं. फरक एवढाच, की पोरींच्या मागोमाग तुम्ही बाहेर आल्या आणि माझ्या हातातल्या पळीकडे पाहत उभ्या राहिल्या.

मला वाटलं, हिला कारण सापडलं, आता हे माझ्यावर येईल. आम्हा खिचडीवाल्यांना दरवर्षी नव्यानं ठेवतात. एक तक्रार झाली की दुसरी बाई तयारच असते.

“यांना उठायला कोणी सांगितलं?” तुम्ही विचारलं.

“कोणी नाही जी. रोजचंच हाये.”

जेवणं झाल्यावर तुम्ही ते कागद माझ्या तांदळाच्या पोत्यावर मांडले. मुलांचे गोल खालपर्यंत काळे. प्राजूच्या कागदावर शेवटचे काही कोरे. मयुरीचे त्याहून जास्त कोरे. दोन कागद तुम्ही शेजारी ठेवले.

“झाडायला या उठतात?”

“हो.”

“वाढायला या?”

“हो.”

“अदलाबदल होते कधी?”

मी गॅस बारीक करायला गेले. तो आधीच बारीक होता. “पहिल्यापासून तसंच हाये,” एवढं म्हणाले. कोणाच्या हातचं वाढलेलं कोण खातं आणि कोणाच्या हाती झाडू असतो, हे मी तुम्हाला सांगायची गरज नव्हती. तुम्ही अचलपूरच्या, तुमच्या गावातही शाळा असेलच.

आणि त्याच दिवशी, पंगत बसली तेव्हा, ते ताटाचं झालं होतं.

मी तुम्हाला जेवायला वरच्या फळीवरचं मोठं स्टीलचं ताट काढून दिलं. तुम्ही त्या ताटाकडे पाहिलं, मग मुलांच्या ताटांच्या ढिगाकडे.

“हे ताट वेगळं काढलं का?”

“पाहुण्यायचं हाये जी.”

“खरंच?”

एवढंच म्हणाल्या, आणि माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. तुमचं आडनाव मी पाहिलं होतं, तुम्ही वहीत सही केली तेव्हा. गावात कोण पाहत नाही? पण ताट पाहुण्यांचंच होतं. जीपनं येणाऱ्या साहेबांनाही मी त्यातच वाढते. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी रागानं गप्प राहिले. तुम्ही ते ताट परत फळीवर ठेवलं, ढिगातलं एक चेपलेलं ताट घेतलं, पोरींच्या पंगतीत बसल्या, दोन घास खाल्ले आणि उठल्या.

दोन घास. नंतरही जेव्हा-जेव्हा आल्या तेव्हा दोनच घास. मी मनात म्हणायची, हिला माझ्या हातचं चालत नाही. तुम्ही मनात म्हणत असाल, हिला माझं ताट चालत नाही. आता कळतं, तुमचं पोट तेव्हाच दुखत होतं. एकदा तुम्ही पोटावर हात दाबून भिंतीला टेकून बसल्या होत्या, मी पाहिलं होतं. “दुखते काय जी?” एवढं विचारायला काय लागतं? विचारलं नाही. मला वाटलं, खिचडी नको म्हणायचा बहाणा आहे.

आठवड्यानं तुम्ही दुसरा पेपर आणला. म्हणाल्या, इंदूताई, आज पेपर जमा होईपर्यंत झाकण वाजवू नका.

“हेडसर मले काढतीन.”

“मी सांगते त्यांना.”

“तुमी एसटीनं निघून जासान. मी इथंच हावो.”

तुम्ही मला हाताला धरून ऑफिसात नेलं आणि माझ्यासमोर हेडसरांना म्हणाल्या, आज जेवण उशिरा, जबाबदारी माझी. तरी मी त्या दिवशी पळी मांडीवर घेऊन बसले होते, चोरी केल्यासारखी. खिचडी बुडाला लागली.

संध्याकाळी तुम्ही कागद तपासून आल्या. मयुरीचे शेवटचे गोल काळे होते आणि बहुतेक बरोबर होते. प्राजूचेही काळे होते. चुकले होते. तुम्ही लपवलं नाही, गोडही केलं नाही. “तिला अपूर्णांक आले नाहीत,” म्हणाल्या.

मला इतका राग आला, मॅडम. “मंग तुमचं मनणं खोटं पडलं.”

“अर्धं पडलं.”

“अर्धं कोणी आयकत नाही जी. पेपरात अर्धं छापत नाहीत.”

“तेच तर भांडण आहे माझं,” तुम्ही म्हणाल्या. “मयुरी तिच्याआधी उठते, तरी तिला आलं. प्राजूला वेळ दिला तरी नाही आलं. म्हणजे उठणं हे एक कारण आहे, सगळं कारण नाही. बाकीचं मला माहीत नाही.”

पगार घेणारं माणूस माहीत नाही म्हणतं, ते मी पहिल्यांदा ऐकलं. मला ते खरं वाटलं नाही. वाटलं, हिला माहीत आहे, मला सांगत नाही. आणि मग माझ्या तोंडून ते गेलं.

“मयुरीची माय शाळेत गेलीच नाही. मी चौथी तं हावो. मंग माहीच पोरगी कशी चुकली?”

 मयुरी तिथंच ताटं मोजत होती. तुम्ही हळू आवाजात म्हणाल्या, “इंदूताई, आता तुमीच त्या पेपरावाणी बोलून राहिल्या.”

 तुम्ही दप्तर उचललं, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, “तिचं चुकते म्हणूनच तिला त्या वर्गात बसवायचं. ज्यांना सगळं येते ते घरी झोपले तरी चालते. फरक दिसला की लोक दार लावून घेतात. फरक दार उघडायला सांगतो.” मी मान हलवली. विश्वास बसला असं नाही. असं बोलणारे पुढच्या महिन्यात दुसऱ्या तालुक्यात असतात.

तुम्ही मात्र परत आल्या. अमरावतीला मास्तरांची, साहेबांची बैठक आहे, तुम्ही चला म्हणाल्या. मी नाही म्हटलं. तुम्ही पाचशेची नोट काढली, एसटीचे आणि बुडलेल्या रोजाचे म्हणून. त्या नोटेकडे पाहून मला वाटलं, हे माझ्या जिभेचे पैसे आहेत. तिथं उभं करून माझ्याकडून काही वदवून घ्यायचं असेल.

“उसने घेतो,” मी म्हटलं. “फेडीन.”

“बरं,” तुम्ही म्हणाल्या. मग थोडं थांबून, “पण बायकांना अर्धं तिकीट आहे. मी पूर्ण धरून दिलेत.”

“मले ठाऊक हाये. उरले ते परत आणीन.”

“एवढा हिशोब येते, अन् मनता चौथी पास.”

तेव्हा आपण दोघी हसलो. मला आठवतं, तेव्हा तुमचे डोळे पिवळट दिसले होते. उन्हामुळं असेल म्हटलं.

बैठकीत भिंतीवर उजेडाचे उभे पट्टे दाखवत होते, मुलांचा लांब, मुलींचा आखूड, आमच्या बाजूच्या मुलींचा आणखी आखूड. मी शेवटच्या रांगेत पदर घेऊन बसले होते. अकोला सुटल्यापासून मनात एक वाक्य घोळवत होते. “साहेब, पोरींले पेपर पुरा करू द्या.” तेवढंच. तेवढ्यात आमचे हेडसर उठले.

“आमच्या मुली हुशार आहेत, साहेब. खिचडीच्या टायमिंगमुळं मार्क गेले. आता बाई सुधारली आहे.”

सगळ्या माना मागं वळल्या. मला वाटलं, घ्या, याच्यासाठीच आणलं होतं मला. सगळं दिलंच माझ्या गळ्यात बांधून.

तुम्ही माईक घेतला. “खिचडी रोज वेळेवर असते. उठायचं काम फक्त मुलींकडे कोणी दिलं, आणि झाडायचं काम ठरावीक घरच्याच मुलींकडे का, ते विचारा. आणि एका शाळेत हे दिसलं म्हणून सगळ्या देशात हेच कारण आहे असं कोणी लिहू नका. मीही लिहिणार नाही. पण हा पट्टा आखूड दिसला म्हणून मुलींना डोकं नाही, असंही लिहू नका. पट्टा हे सांगत नाही.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक साहेब फोनवर बोलत बाहेर गेले. आणि तुम्ही मला उभं केलं नाही. माझं वाक्य तसंच राहिलं. परतीच्या एसटीत मला तुमचा राग आला होता, ते तुम्हाला माहीत नसेल. उभं करतील म्हणून जीव मुठीत धरून गेले, आणि उभं केलं नाही तर वाटलं, हिला वाटलं असेल बाईला बोलता येत नाही.

त्यानंतर तुमच्या सांगण्यावरून शाळेत पाळ्या लागल्या. रांगेनं पाळी, पोरगा असो की पोरगी, झाडू आणि वाढणं आळीपाळीनं. एका पोराचे वडील विठ्ठलभाऊ तिसऱ्याच दिवशी शाळेत आले. “माह्या पोराच्या हाती झाडू? शाळेत शिकाले धाडतो का झाडाले?” तुम्ही तिथंच होत्या. म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं, भाऊ. शिकायलाच धाडता. मयुरीच्या मायनंही त्यासाठीच धाडलं.” विठ्ठलभाऊ काहीबाही पुटपुटत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा पोरगा खिचडी वाढत होता आणि आपल्या दोस्ताला दोन पळ्या जास्त घालत होता. मी त्याच्या हातावर पळी मारली.

पहिल्यांदा मयुरी वाढायला उभी राहिली तेव्हा दोन पोरांनी ताटावर हात ठेवले. मी त्यांच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्यांनी हात काढले. तुम्ही दारातून हे पाहत होत्या. त्या दिवशी वरच्या फळीवरचं ताट मीच खाली काढलं आणि मुलांच्या ढिगात मिसळून टाकलं. तुम्हाला दिसावं म्हणून टाकलं. दिसलं का? ते ताट खरंच पाहुण्यांचं होतं, मॅडम. तुम्ही शेवटपर्यंत मानलं का नाही, हे मला कळणार नाही, आणि मला त्याची खंत आहे.

तुमचे पैसे मी शंभर-शंभर करून फेडत होते. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता म्हणतील, राहू द्या हो. माझ्याकडं पाहून सगळे राहू द्या म्हणतात. तुम्ही एकदाही म्हटलं नाही. नोट घ्यायच्या, नीट घडी करायच्या, “आता एवढे राहिले,” म्हणायच्या. पहिल्यांदा मला ते कंजुषी वाटलं. तिसऱ्यांदा कळलं की माझा शब्द तुम्ही शब्द म्हणून धरला होता. त्या दिवशी माझा संशय थोडा खाली बसला. पूर्ण गेला असं म्हणणार नाही, खोटं होईल.

शेवटचे शंभर राहिले आणि तुम्ही आल्या नाहीत. उन्हाळ्याची सुट्टी, मग शाळा उघडली, आणि मग हेडसरांच्या फोनवरचा तो फोटो.

यादीचं सांगते. फोनवर तुमच्या फोटोखाली हेडसरांनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात यादी करायला बसले. मी चहा घेऊन गेले. कागदावर नावं होती, मला दिसत होती. सगळी पोरांची, आणि दोन पोरी. त्यांत मयुरी नव्हती, प्राजू नव्हती. मी कप ठेवला आणि बाहेर आले नाही.

“काय झालं, इंदूबाई?”

 अमरावतीला नेलेलं वाक्य दुसरं होतं, पण तेवढंच जड. “सर, प्राजूले अपूर्णांक येत नाहीत. म्हणून तिले बसवा. अन् मयुरीले येतात, तं तिलेबी बसवा.”

“म्हणजे येतात तिलेबी घ्याचं, येत नाहीत तिलेबी घ्याचं? मंग काढाचं कोणाले?”

“कोणालेच नाही जी.”

दुसरे सर खाली पाहत होते. या वेळी कोणी हसलं नाही. हेडसर म्हणाले, “मॅडम शिकवून गेल्या वाटते तुले.”

“नाही जी. त्यायनं मले बोलाले लावलंच नाही कधी.”

“पाहू,” ते म्हणाले.

पाहू म्हणजे काय, ते मला माहीत आहे. म्हणून मी वाट पाहिली नाही. वर्ग सुरू व्हायच्या दिवशी पहाटेच भाकरी करून प्राजूला उठवलं, मयुरीला घरून बोलावलं आणि दोघींना पुढच्या पट्टीवर बसवून मी दाराशी चाळणी घेऊन बसले. हेडसर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोरींकडे पाहिलं, खडू घेतला आणि फळ्याकडे तोंड केलं. दोघी रोज बसतात. प्राजूचे अपूर्णांक अजून चुकतात, पण कमी. एखाद्या दिवशी दोघींना उठवतील, अशी मला अजून धास्ती आहे, म्हणून मी रोज तांदूळ तिथंच निवडते.

पुण्यानुमोदनाला, तुमच्याकडच्या दिवसकार्याला, यायचं होतं, पण त्या दिवशी शाळा होती. मी पुढच्या रविवारी अकोल्याहून एसटी धरून अचलपूरला आले. तुमची आई दारात बसली होती. आत तुमचा फोटो, मेणबत्ती, तोच फोटो फुलांशिवाय.

“कोन तू माय?”

“पातूरकडून आलो जी. शाळेत खिचडी शिजवतो.”

“तू उंच हायेस तीच काय?” त्या म्हणाल्या. “सांगत होती सुजाता.”

तिथं माझं रडू निघालं. इतके दिवस निघालं नव्हतं. त्यांनी पाणी दिलं, साध्या पेल्यातून, आणि आपणहून म्हणाल्या, “सातवीत गणितात नापास झाली होती ते. रिझल्ट घेऊन घरी आली नाही, मंदिराच्या मागं लपून बसली. तुले बोलली नाही काय?”

नाही बोलल्या. मला का नाही सांगितलं, मॅडम? माझी प्राजू चुकली त्या दिवशी एवढं एकच सांगितलं असतं तरी मला पुरलं असतं. का तुम्हाला भीती वाटली, की मी तेही तुमच्या समाजावर नेऊन ठेवीन? त्या दिवशी कदाचित ठेवलंही असतं. येताना सगळ्या रस्त्यात मी हाच विचार केला आणि अजून करते आहे.

मग मी पदराची गाठ सोडली आणि शंभरची नोट पुढं केली. तुमच्या आईनं नोटेकडे पाहिलं.

“सुजातानं मांगितले होते?”

“नाही जी. मीच उसने मनलं होतं. एवढेच राहिले होते.”

मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे माय, ती गेली आता, लेकराले खाऊ घे.  त्यांनी हात पुढं केला, नोट घेतली आणि नीट घडी केली, अगदी तुमच्यासारखी.

“झाले सगळे?”

“झाले जी. पूर्ण झाले.”